मानसिक आजार आणि व्यसनमुक्ती : ओपीडीच्या उपचाराचा खर्च कोण देते?



समजा, आपल्याच वस्तीतले एक घर आहे. विशीतला मुलगा रात्ररात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, कुणीतरी मारायला येते म्हणून दार लावून बसतो. आई मजुरी बुडवून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. जपून ठेवलेले पाच लाखांचे आयुष्मान कार्ड खिडकीवर ठेवते. आतून उत्तर येते, "मावशी, हे कार्ड ओपीडीला चालत नाही." आईला ऐकू येते ते असे : उपचाराला पैसे लागतील. ती मुलाला घेऊन परत फिरते. पुढचे सहा महिने कधी देवऋषी, कधी व्याजाने पैसे काढून खासगी डॉक्टर, असे जातात.

खिडकीवरचे उत्तर खरे होते. आईने काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता. कार्ड ओपीडीला चालत नाही याचा अर्थ ओपीडीचा उपचार मोफत नाही असा होत नाही. कार्डाचे पैसे एका दाराने येतात, ओपीडीचे दुसऱ्या दाराने. ते दुसरे दार कोणते, हे या वेळच्या पाठात समजून घेऊ. घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे आणि दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

१. पाच लाखांचे कार्ड कशाचे पैसे देते?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डधारकांना लाभ होता. परभणीसह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांनाही होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना सर्वांसाठी खुली झाली आणि संरक्षण दरवर्षी एका कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले.

हे पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत. आजाराचे ठरलेले पॅकेज असते. रुग्ण दाखल झाला, मंजुरी मिळाली, उपचार झाले, की पैसे रुग्णालयाला जातात. म्हणजे हे कार्ड खाटेचे आहे. आयुष्मान योजनेत ओपीडी वगळलेली आहे, तशीच व्यसनमुक्ती केंद्रातील पुनर्वसनाची सोयही वगळलेली आहे.

मानसिक आजार मात्र पूर्ण वगळलेला नाही. आयुष्मानच्या उपचार-यादीत मानसिक आजारांसाठी आणि नशेमुळे होणाऱ्या मानसिक विकारांसाठी दाखल होण्याची पॅकेजे आहेत आणि ती सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेली आहेत. घरी सुटी मिळाल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधेही आयुष्मानच्या पॅकेजमध्ये धरलेली असतात. सुटीच्या दिवशी ती मागून घ्यावीत.

२. ओपीडी विम्यातून का सुटते?

विमा हा एकदाच येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी बनवलेला असतो. हृदयाची शस्त्रक्रिया झाली की दाखल झाल्याची तारीख असते, सुटीची तारीख असते, बिल असते. मनाच्या आजाराचा खर्च तसा नसतो. महिन्याला एक फेरी, थोड्या गोळ्या, डॉक्टरांशी अर्धा तास बोलणे, आणि हे दोन-तीन वर्षे, कधी आयुष्यभर. प्रत्येक वेळचा खर्च लहान दिसतो. पण गंगाखेड किंवा जिंतूरच्या खेड्यातून परभणीला यायचे म्हणजे रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची अशी दोघांची मजुरी बुडते, तिकीट लागते, दुपारचे खाणे लागते. दहाव्या फेरीला घर थकते आणि गोळी बंद होते. गोळी बंद झाली की आजार उलटतो. म्हणजे ज्या खर्चाने उपचार तुटतो, नेमका तोच खर्च या कार्डात बसत नाही.

व्यसनाचेही तसेच आहे. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूचे पक्के व्यसन असलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मागे एक होता. बहुतेकांचा उपचार व्हायचा असेल, तर तो ओपीडीतच व्हायला हवा.

३. मग ओपीडीचे पैसे कोण देते?

सरकार थेट देते. विमा कंपनी मध्ये नसते, म्हणून कार्डही लागत नाही. ही दारे अशी :

सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने : १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात या विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. परभणीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांचे शुल्काचे नियम वेगळे असतात. म्हणून तेथे जाताना रेशनकार्ड सोबत ठेवावे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्ह्यांकडे आला. या कार्यक्रमात मानसोपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदे असतात. जिल्हा रुग्णालयात त्यांची ओपीडी असते आणि ठरलेल्या दिवशी पथक तालुक्याच्या रुग्णालयात जाते. निघण्यापूर्वी आशाताईंना एकच प्रश्न विचारावा : "मानसोपचाराचे डॉक्टर आपल्या तालुक्यात कोणत्या वारी येतात?" एका प्रश्नाने परभणीची एक फेरी वाचते.

प्रेरणा प्रकल्प : शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत हा प्रकल्प सुरू झाला. परभणी त्यात आहे. आशाताई घरोघरी जाऊन झोप, उदासी, जगणे नकोसे वाटणे याविषयी विचारतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवतात. शेतमजुराच्या घरानेही त्यांना खरे उत्तर द्यावे. यासाठी सातबारा लागत नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिर : गावच्या उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तेथील बारा सेवांत मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. पहिली विचारपूस तेथे होऊ शकते.

फोन : टेलिमानस १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ आणि राज्याची आरोग्य मदतवाहिनी १०४. जगणे नकोसे झाल्याचे घरात कुणी बोलले, तर "उगाच बोलतोय" म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये आणि लगेच १४४१६ लावावा.

प्रवासाचाही विचार करू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. रुग्णासोबत घरातली बाई गेली तर एकाच्या तिकिटाचा खर्च निम्मा होतो.

४. हा उपकार नव्हे, कायद्याचा हक्क आहे

संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये केला आणि तो २०१८ मध्ये लागू झाला. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही या कायद्याने मानसिक आजारात धरले आहेत. म्हणजे पुढचे सगळे हक्क दारूच्या रुग्णालाही आहेत.

कलम १८ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला उपचार मोफत आहेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असो वा नसो, हे शब्द कायद्यातच आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळायला हवीत. आणि जिल्ह्यात किमान सेवाच मिळत नसेल, तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा आहे.

म्हणून "गोळी संपली, बाहेरून घ्या" असे सांगितले गेले, तर औषधाचे नाव आणि "रुग्णालयात उपलब्ध नाही" हे केसपेपरवर लिहून मागावे. लिहिलेला कागद पुढे तक्रारीला उपयोगी पडतो.

याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला शिक्षा देण्याऐवजी उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात लपवू नका. आधी दवाखाना गाठा.

५. ओपीडीचा खर्च देणारे विमेही आहेत

वस्तीतल्या काही घरांना हे लागू पडतात, पण माहिती नसल्याने वापरले जात नाहीत.

ईएसआय : आपली कितीतरी मुले वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत. पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारपत्रकात ईएसआयची कपात (०.७५ टक्के) दिसत असेल, तर कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला ओपीडीसह पूर्ण उपचार मिळतो. गंभीर मनोविकार हा ईएसआयच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षे सलग नोकरी आणि हप्त्यांच्या अटी पूर्ण असतील, तर अशा आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के इतका लाभ मिळू शकतो. मुलगा आजारी पडला म्हणून नोकरी सोडून गावी आणण्यापूर्वी हे तपासा. राजीनामा दिला की हा हक्कही जातो.

या योजनेचे मूळ आपण विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी माणसाला डॉक्टरही मिळावा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळावी, हा विचार त्या योजनेत पहिल्यापासून आहे. आजच्या पाच लाखांच्या कार्डात त्यातले पहिलेच आले आहे, तेही अर्धेच.

रेल्वे : पूर्णा, परभणी येथील रेल्वे कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या आश्रितांना रेल्वेच्या आरोग्य केंद्रात ओपीडी मोफत असते. गरज पडल्यास तेथून पुढे पाठवण्याचे पत्र मिळते.

निरामय : मूल बौद्धिक अक्षम, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यात ओपीडीचाही समावेश आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे वेगळे आहेत. निरामय योजना पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही.

खासगी विमा : २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व कंपन्यांना तसे कळवले. पण "सारखेच" याचा अर्थ नीट घ्या. पॉलिसीत शरीराच्या आजाराची ओपीडी नसेल, तर मनाच्या आजाराचीही मिळत नाही.

६. दारू सोडताना : प्रतिज्ञेसोबत डॉक्टरही हवा

पंचशीलातले पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण सगळे जाणतो. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी कितीतरी जण विहारात उभे राहून दारू सोडतात. हे चांगलेच आहे. पण एक धोका सांगितलाच पाहिजे.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर काही तासांतच हातपाय थरथरणे, घाम, उलट्या, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेली माणसे व किडे त्याला दिसू लागतात. यात जीवही जातो. घरचे म्हणतात "बाधा झाली" किंवा "नाटक करतोय". ती बाधा नसते आणि नाटकही नसते. शरीराला दारूची सवय झालेली असते, आणि ती तुटताना शरीर असे वागते. यावर औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात मिळते. म्हणून रोज पिणाऱ्याने आधी ओपीडीत जावे. प्रतिज्ञा घ्यावी, पण डॉक्टरांच्या गोळ्यांसह. फिट आली किंवा भ्रम झाला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. त्याला दाखल करावेच लागेल, आणि तेव्हा पाच लाखांचे कार्ड पुढे करावे.

"रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असतात. चहात, भाजीत गुपचूप औषध घालू नका. दारू सोडवण्याची काही औषधे पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. औषध त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकण्यापूर्वी नोंदणीचा कागद पाहायला मागा. मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे. घरच्यांना महिनोन्महिने भेटू देत नाहीत, फक्त पैसे मागतात, अशा ठिकाणी माणूस ठेवू नका.

७. दवाखान्यात जाताना

- आधार कार्ड, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड सोबत ठेवावे. ओपीडीला कार्ड लागत नाही, पण दाखल करायची वेळ आली तर लागते.
- खिडकीवर "कार्ड चालते का?" असे विचारू नका. "मानसोपचाराची ओपीडी कुठे आणि कोणत्या वारी?" असे विचारा.
- जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकू नका. एका पिशवीत ठेवा.
- ऊसतोडीला जायचे असेल तर दिवाळीपूर्वीच डॉक्टरांना सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा आणि केसपेपर सोबत न्या. जेथे टोळी असेल तेथल्या सरकारी रुग्णालयात तो दाखवता येतो.
- बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.
- परभणीत भागले नाही, तर नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची चिठ्ठी मागा.

८. अडले तर कुठे जायचे?

योजनेतील रुग्णालयात दाखल असताना पैसे मागितले, तर आधी तेथील आरोग्यमित्राला भेटा, मग १५५३८८ किंवा १४५५५ वर तक्रार करा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. सरकारी दवाखान्यात औषध किंवा उपचार नाकारला, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज लिहा आणि पोच घ्या. मानसिक आजाराच्या रुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

९. विहारात चर्चेसाठी

रविवारच्या वंदनेनंतर हा पाठ वाचून पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या वस्तीच्या आशाताई कोण? मानसोपचाराचे डॉक्टर आपल्या तालुक्यात कोणत्या वारी येतात, हे कुणाला माहीत आहे?
२. किती घरांची आयुष्मान कार्डे अजून निघालेली नाहीत? ती काढून देण्यासाठी कोण सोबत जाईल?
३. कुणाचा मुलगा ईएसआयच्या नोकरीत आहे? त्याने घरच्यांची नावे नोंदवली आहेत का?
४. गोळी चालू असलेल्या माणसाला वस्तीत "येडा" म्हणणे आपण कसे बंद करू?
५. एकट्या बाईला रुग्ण घेऊन जावे लागत असेल, तर महिला मंडळातून पाळीपाळीने सोबत जाता येईल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गोळी सरकार देते, केसपेपर मोफत आहे, तिकीट अर्धे आहे. पण दर महिन्याला त्या मुलाला वेळेवर ओपीडीच्या रांगेत उभे करणारे माणूस कुठल्याही योजनेत मिळत नाही. ते वस्तीनेच द्यायचे आहे. पहिल्या दिवशी खिडकीवरून परत फिरलेल्या त्या आईसोबत कुणी असते, तर तिने एवढेच सांगितले असते : "ताई, कार्ड ठेवा पिशवीत. रांग पलीकडे आहे. चला."

भवतु सब्ब मंगलम्.